घटना, समजूत आणि दुःख

परीक्षेत नापास झाल्यावर एक विद्यार्थी खचतो, दुसरा पुन्हा अभ्यासाला लागतो. निकाल सारखाच, मग फरक कशाचा? माणसाला घटना नव्हे, तर घटनेविषयीची त्याची समजूत अस्वस्थ करते, असे एके काळी गुलाम असलेला तत्त्वज्ञ एपिक्टेटस सुमारे १९०० वर्षांपूर्वी शिकवीत असे.

न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये याच विचारावर उपचारपद्धती उभारली. तरुणपणी त्यांना मुलींशी बोलण्याची भीती वाटे. एकोणिसाव्या वर्षी महिनाभर बागेत जाऊन ते सुमारे शंभर जणींशी बोलले. मैत्री एकीशीही जमली नाही. पण नकाराने आकाश कोसळत नाही हे पटले आणि भीती ओसरली.

‘नापास झालो, म्हणजे मी कुचकामी’ यातला ‘म्हणजे’ तपासायला वर्गातही शिकवता येईल.