फॉरमॅट मारावा लागेल

भारतातल्या संगणक-व्हायरसचा इतिहास सांगताना जोशींना वगळता येत नाही. 1990 च्या जूनमध्ये आपल्याकडे एक व्हायरस सापडला. एरवी तो गुपचूप फ्लॉपीवरून फ्लॉपीवर पसरायचा. 5 जानेवारीला मात्र संगणक जागीच अडायचा आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करायचा हुकूम सोडायचा. निमूटपणे शुभेच्छा दिल्या, की काम पुढे चालू. लाहोरच्या अल्वी बंधूंनी 1986 मध्ये 'ब्रेन' हा व्हायरस लिहिला, तेव्हा त्यात स्वतःचं नाव, पत्ता, फोन नंबर असं सगळं घातलं होतं. जोशींनी फक्त वाढदिवस कळवला.

इंटरनेट नव्हतं त्या काळात व्हायरस माणसांच्या खिशातून आणि पिशव्यांतून प्रवास करत. विदर्भातलं यवतमाळच घ्या. हे शहर मोठ्या रेल्वेमार्गावर नाही. संगणक यायचा तो नागपूरहून, दीडएकशे किलोमीटर रस्त्याने, आणि त्याला लागणाऱ्या प्रोग्रॅमच्या फ्लॉप्याही त्याच वाटेने यायच्या. जिल्ह्यात पुसदला 1983 पासून आणि यवतमाळला 1996 पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. एकाच यंत्रावर पाळीपाळीने दहा जण आपापली फ्लॉपी घालणार म्हटल्यावर महाविद्यालयांच्या संगणक-प्रयोगशाळा कुठल्याही गावात व्हायरसचं मोठं जंक्शन ठरत.

जोशी, ब्रेन, मायकेलअँजेलो हे सगळे बूट सेक्टरचे व्हायरस. म्हणजे डिस्कच्या ज्या पहिल्या भागावरून संगणक सुरू होतो, तिथेच ठाण मांडून बसणारे. बाधित फ्लॉपी नुसती वाचली म्हणून हार्ड डिस्कला लागण होत नसे. ती ड्राइव्हमध्ये तशीच राहिलेली असताना संगणक सुरू झाला, तर मात्र जोशी किंवा मायकेलअँजेलोची होई. आता विदर्भातला उन्हाळा डोळ्यांसमोर आणा. काम चालू असताना लाइट जाते. माणूस वैतागून पाणी प्यायला उठतो, फ्लॉपी आतच राहते. जुन्या कॅबिनेटचं बटण दाबलेलंच असल्यामुळे लाइट आल्याबरोबर यंत्र आपोआप सुरू होतं, आणि सगळ्यात आधी वाचतं ती फ्लॉपी. परदेशी मासिकांतल्या अँटिव्हायरसच्या तुलनांमध्ये हा मुद्दा कधी आला नसेल, पण इथल्या यूपीएसने निम्मं काम अँटिव्हायरसचं केलं असं म्हणायला हरकत नाही.

अँटिव्हायरसची मराठी कथा सुरू होते ती दुरुस्तीच्या टेबलावर. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलाश काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले, तिथून संगणकाच्या दुरुस्तीकडे वळले आणि 1993 मध्ये त्यांनी कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस सुरू केली. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत बिघाड कमी आणि व्हायरस जास्त, असं दिसू लागलं. धाकटे भाऊ संजय मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी आधी एकेका व्हायरसवर उतारा लिहिला आणि 1990 च्या दशकाच्या मध्यावर त्यातूनच 'क्विक हील' हे पूर्ण उत्पादन उभं राहिलं. (इकडे यवतमाळ-मूर्तिजापूर 'शकुंतला' गाडीचं 1921 सालचं वाफेचं इंजिन 1994 च्या एप्रिलमध्ये सेवेतून निघालं आणि डिझेलचं लागलं. जिल्ह्याला वाफेचं आणि संगणकाचं अशी दोन्ही युगं जवळजवळ एकदमच भेटली.)

दुरुस्तीवाल्याने घडवलेलं हे औषध, त्यामुळे ते विकायलाही दुरुस्तीवालेच लागले. घरच्या संगणकासाठी अँटिव्हायरस कसा निवडावा, याचे तक्ते छापून येत: किती व्हायरस पकडतो, किती मेमरी खातो, किमतीत काय बसतं. घाटंजीच्या किंवा उमरखेडच्या शिक्षकाने असा तक्ता मांडीवर घेऊन निर्णय घेतला असेल, असं वाटत नाही. असेंबल करून देणाऱ्याने जे टाकून दिलं, ते चाललं. तो सांगायचा, "भाऊ, फॉरमॅट मारा लागते," आणि फॉरमॅट मारून झाल्यावर जो डबा काउंटरवर ठेवायचा, तोच आपला अँटिव्हायरस. डब्यात एक सीडी आणि वीस अक्षरी चावी. क्विक हीलच्या शेजारी नेट प्रोटेक्टरचा डबा दिसला, तर तोही पुण्याचाच. चेन्नईच्या के7 चा जन्म 1990 च्या दशकाच्या सुरुवातीचा. म्हणजे पाश्चात्त्य कंपन्यांना घरगुती स्पर्धा आधीपासून होती, आणि या स्पर्धकांचं बळ तालुक्याच्या गावी फोन उचलणारा माणूस हे होतं.

दुकानदाराने दिलं ते वापरण्यात चूक काही नव्हती. उलट अँटिव्हायरसची खरी मेख इथेच होती. तो व्हायरस ओळखतो तो आधीच्या नोंदींवरून, आणि त्या नोंदी ताज्या नसतील तर पहारेकरी जागा असूनही चोराला ओळखत नाही. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते 15 ऑगस्ट 1995 पासून, तेही मोठ्या शहरांत. तालुक्यापर्यंत ते पोचलं तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून काही एमबीचा अपडेट उतरवायचा म्हणजे अर्धी दुपार जायची, फोन अडून राहायचा, आणि मध्येच लाइन तुटली की पहिल्यापासून सुरुवात. मग अपडेटची फाइल दुकानदाराने उतरवून घ्यायची आणि सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर घरोघर न्यायची, हाच व्यवहारी मार्ग उरायचा. तक्त्यात पहिल्या आलेल्या, पण सहा महिन्यांपूर्वीच्या नोंदींवर चालणाऱ्या परदेशी अँटिव्हायरसपेक्षा दर महिन्याला चक्कर मारणारा पोरगा अधिक कामाचा होता.

जुन्या नोंदींची किंमत 26 एप्रिल 1999 ला जगाने मोजली. तैवानच्या चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच ऊर्फ चेर्नोबिल त्या दिवशी जागा झाला. त्याने हार्ड डिस्कची सुरुवात पुसलीच, शिवाय काही मदरबोर्डांवरची, संगणक सुरू करून देणारी बायोसची चिपही खराब केली. तिथे फॉरमॅटचाही उपाय चालेना. चिपच बदलावी लागे.

पुढे 2001 मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम महाराष्ट्राच्या गावोगावी गेला, विंडोज एक्सपी आलं आणि फ्लॉपीची जागा पेनड्राइव्हने घेतली. खिशातला प्रवास संपला नाही, सोपा झाला. लग्नसराईत डीटीपीच्या दुकानात पत्रिकेचा मजकूर, नवरदेवाचा फोटो आणि व्हायरस एकाच पेनड्राइव्हवरून येत. एक्सपीला पेनड्राइव्ह लावल्याबरोबर 'ऑटोरन' फाइल पाहण्याची सवय होती, तिचाच फायदा घेतला गेला. फोल्डरचं चित्र लावलेली एक्सई फाइल हा त्यातला सगळ्यात यशस्वी बनाव: माणूस फोल्डर उघडतोय म्हणून दोनदा क्लिक करायचा आणि व्हायरस चालवायचा. 2007 च्या सुमारास एका वर्मने तर सायबर कॅफेतल्या पोरांची थट्टाच मांडली. ऑर्कुट ही तेव्हाची सोशल नेटवर्किंग साइट उघडली, की ती बंद आहे असं सांगून तो खदाखदा हसायचा. मायक्रोसॉफ्टने एक्सपीवरचं पेनड्राइव्हचं ऑटोरन अपडेटमधून बंद केलं, ते थेट 2011 च्या फेब्रुवारीत.

पण ते अपडेट घ्यायचं कुणी? बाजारात विंडोजची नक्कल सर्रास चालायची. अपडेट चालू ठेवला, तर पडद्यावर 'ही प्रत अस्सल नाही' अशी पाटी येण्याची धास्ती, म्हणून पहिलं काम अपडेट बंद करण्याचं. अँटिव्हायरससाठीही काहींनी 'क्रॅक' शोधला. चावी चोरून मिळवायला गेलेल्याला चोरच घरात घ्यावा लागे, कारण क्रॅकसोबत बहुधा ट्रोजन फुकट यायचा.

स्पायवेअर ही नंतरची पिढी. ती इंटरनेटवर वाढली, म्हणून आपल्या जिल्ह्यांत उशिरा पोचली. ब्राउझरला न मागितलेली टूलबार, बदललेलं होमपेज, जाहिरातींची रांग. त्या काळी अँटिव्हायरस व्हायरसपुरता बघायचा, म्हणून जाणकार घरात अॅड-अवेअर किंवा जर्मनीच्या पॅट्रिक कोलाने लिहिलेला स्पायबॉट वेगळा असायचा. 2008-09 मध्ये तर 'अँटिव्हायरस 2009' नावाचा खोटा अँटिव्हायरसच आला. तो नसलेले व्हायरस दाखवून पैसे मागायचा. घाबरलेल्या माणसाने एकावर एक दोन अँटिव्हायरस बसवले, की दोघे एकमेकांच्याच फाइलींवर डोळे वटारत आणि 256 एमबीचा संगणक गुदमरून जाई.

मायक्रोसॉफ्टने 2004 च्या अखेरीस जायंट ही कंपनी विकत घेऊन अँटिस्पायवेअर आणला, 2009 मध्ये सिक्युरिटी इसेन्शियल्स मोफत दिला. पण त्यासाठी विंडोज अस्सल लागे, आणि घोडं तिथेच अडायचं. 2012 च्या विंडोज 8 पासून डिफेंडर पूर्ण अँटिव्हायरस होऊन आतच बसला. सरकारनेही 2017 मध्ये सायबर स्वच्छता केंद्र उघडून बॉट काढायची साधनं फुकट ठेवली. डब्याचा धंदा आटणार हे उघड होतं. क्विक हीलमध्ये 2010 मध्ये सिक्वोया या गुंतवणूक कंपनीने 60 कोटी रुपये गुंतवले, 2016 च्या फेब्रुवारीत कंपनी शेअर बाजारात आली, आणि 'सेकराइट' या नावाने तिने कंपन्या व संस्था हे ग्राहक धरले.

आज घरच्या जुन्या संगणकाबद्दल कुणी विचारलं, तर अँटिव्हायरसच्या नावाआधी विंडोजचं वय विचारावं लागतं. विंडोज 10 चे नेहमीचे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. आणि चोरीचा मोठा भाग तर संगणक सोडून फोनवर गेला आहे. लग्नपत्रिका आता व्हॉट्सअॅपवर येते, त्यात कधी कधी फोनवर अॅप बसवणारी एपीके फाइल असते. तशीच एपीके ई-चलानच्या किंवा पीएम किसानच्या नावानेही येते. ती इन्स्टॉल केली आणि मेसेज वाचायची परवानगी दिली, की बँकेचा ओटीपी परस्पर भलतीकडे जातो. अशा वेळी दुकान उघडायची वाट न पाहता 1930 या क्रमांकावर लगेच फोन करायचा असतो, म्हणजे रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता राहते.