पतितांसाठी उघडे राहिलेले दार

इ. स. 250 च्या प्रारंभी रोमन सम्राट डेशियस याची आज्ञा साम्राज्यभर पोहोचली : प्रत्येकाने देवतांना बळी अर्पावा व तसे केल्याचा दाखला घ्यावा. इजिप्तमध्ये सापडलेले असे चाळीसहून अधिक दाखले आजही वाचावयास मिळतात.

पोप फेबियन यांनी रक्तसाक्ष दिली. परंतु उत्तर आफ्रिकेतील कार्थेज नगरीत असंख्य भाविकांचा धीर सुटला. कुणी धूप जाळला, कुणी बळी दिला, तर कुणी पैसे चारून न दिलेल्या बळीचा दाखला मिळविला. छळ ओसरताच हे पतित ख्रिस्तसभेच्या दाराशी परतले. त्यांचे काय करावयाचे?

रोमचा विद्वान धर्मगुरू नोव्हेशियन याचे उत्तर कठोर होते : क्षमा परमेश्वराने करावी, ख्रिस्तसभेने त्यांना पुन्हा जवळ करू नये. याउलट कार्थेजमधील काही धर्मगुरू प्रायश्चित्तावाचूनच त्यांना ख्रिस्तप्रसाद देऊ लागले होते. कार्थेजचे महागुरू संत सिप्रियन यांनी दोन्ही मार्ग नाकारले. छळाच्या काळात ते स्वतः अज्ञातवासात राहिले होते आणि त्याबद्दल त्यांना बोलही ऐकावे लागले होते.

251 साली आफ्रिकेतील महागुरूंची परिषद भरली. प्रत्येकाचा अपराध स्वतंत्रपणे तपासावा, असे ठरले. केवळ दाखला घेणाऱ्यांना चौकशीअंती प्रवेश मिळावा. बळी देणाऱ्यांनी दीर्घ प्रायश्चित्त करावे, मात्र मृत्युशय्येवर त्यांना क्षमा नाकारू नये. पोप कर्नेलियस यांचेही हेच मत होते. नोव्हेशियन त्यांचा प्रतिस्पर्धी म्हणून उभा राहिला होता.

पुढे नव्या छळाची चाहूल लागताच सिप्रियन व त्यांच्या सहकारी महागुरूंनी प्रायश्चित्त करणाऱ्या सर्वांनाच जवळ घेतले. ज्यांनी ख्रिस्तासाठी रक्त सांडावे अशी आपली अपेक्षा, त्यांना ख्रिस्ताच्या रक्ताचा प्याला कसा नाकारावा, असा त्यांचा सवाल होता. क्षमा हे त्यांच्या लेखी शौर्याचे बक्षीस नव्हते. दुर्बलांना उभे राहण्यासाठी दिलेले ते बळ होते.

253 साली कर्नेलियस हद्दपारीत निवर्तले. 14 सप्टेंबर 258 रोजी सिप्रियन यांचा शिरच्छेद झाला. एकेकाळी लपलेल्या या मेंढपाळाने अखेर आपल्या कळपादेखत प्राण अर्पिले. पुढे 325 साली निकेया येथील परिषदेनेही मरणासन्न पश्चात्तप्ताला अखेरचा ख्रिस्तप्रसाद नाकारू नये, असा नियम केला.

16 सप्टेंबरला आपण या दोघा संतांचा सण एकत्र पाळतो. आपल्या घरातील एखाद्याने कित्येक वर्षांत देवळाची पायरी चढलेली नसेल. त्या दिवशी त्याचे नाव प्रार्थनेत घ्यावे, आणि तो परतला तर दार आतून लावलेले नसावे.