वाटाड्या आणि सोबत

जुन्या काळी मराठी माणूस दूरदेशी निघाला म्हणजे घरची वडील माणसे त्याला दोन गोष्टी हटकून विचारीत. वाटाड्या कोण, आणि सोबत कोणाची? पहिला प्रश्न रस्त्याच्या माहितीचा, तर दुसरा माणसाच्या आधाराचा. रस्ता माहीत असूनही एकटा निघालेला प्रवासी वाटेत लुटला जाई. आणि सोबत मोठी असूनही रस्ता कोणालाच ठाऊक नसला, तर सारा मेळाच आडरानात शिरे. आज सायकलच्या मुठीवर मोबाइल बसवून शे-दीडशे किलोमीटरच्या फेरीला निघणारा तरुण हेच दोन प्रश्न निराळ्या शब्दांत विचारीत असतो. पहिल्याचे उत्तर त्याला ॲप देते, दुसऱ्याचे त्याचा सायकल क्लब. साधने पार बदलली. प्रश्न मात्र जुनेच राहिले. त्या प्रश्नांची किंमत किती असू शकते, हे समजून घ्यावयाचे तर झाशीसारखे ठिकाण दुसरे नाही.

झाशी हे मुळातच वाटांचे गाव आहे. ओरछाच्या वीरसिंगदेवाने सतराव्या शतकाच्या आरंभी येथे किल्ला बांधला आणि १७४२ मध्ये नारोशंकरांनी त्याचा विस्तार करून पायथ्याशी शहर वसविले. दक्षिणेतून ग्वाल्हेर-आग्र्याकडे जाणाऱ्याला आणि पश्चिमेकडून काळपी-कानपूरकडे वळणाऱ्याला हे गाव वाटेवर लागे. आजही कन्याकुमारी ते श्रीनगर हा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि पोरबंदर ते सिलचर हा राष्ट्रीय महामार्ग २७ झाशीपाशीच एकमेकांना छेदतात. त्यामुळे कन्याकुमारीहून काश्मीरला या महामार्गाने सायकलवर निघालेला प्रवासी नागपूर, सागर, ललितपूर करीत झाशीला येतो, आणि येथे त्याला एक दिवसाची विश्रांती घ्यावीशी वाटते.

या गावापर्यंतचा एक मराठी प्रवास तर आपल्या वाङ्मयात अमर झालेला आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या वसंतात आपल्या चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले. घरी दारिद्र्य होते, डोक्यावर कर्ज होते, आणि बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत अशी वार्ता कानांवर आली होती. दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, जमल्यास काशीयात्राही घडेल, एवढाच साधा हिशेब. जवळ नकाशा नव्हता. पुढच्या मुक्कामाची माहिती मागच्या मुक्कामावर विचारून घ्यावयाची, अंतर कोसांत मोजावयाचे, आणि त्याच दिशेने जाणारा एखादा मेळा मिळाला तर त्यात सामील व्हावयाचे, ही त्या काळची रीत. महूच्या अलीकडे वाटेत भेटलेल्या शिपायांकडून, पुढे मोठी गडबड होणार आहे, अशी खबरही त्यांना मिळाली. वाटाड्याने धोक्याची सूचना दिली होती. परंतु मागे फिरावे तर घरी कर्ज उभे होते. ते पुढेच गेले, आणि हिंडत-फिरत झाशीला पोहोचून राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयाला राहिले. १८५८ च्या मार्चमध्ये सर ह्यू रोझने शहराला वेढा घातला, तेव्हा विष्णुभट शहरातच होते.

वेढ्याचा शेवट ज्या रात्री झाला, त्या रात्री झाशीच्या वेशीतून दोन वाटा फुटल्या. १ एप्रिलला बेतवेकाठी तात्या टोप्यांचा पराभव झाला होता आणि ३ एप्रिलला इंग्रज सैन्य शहरात घुसले. दुसऱ्या दिवशी रात्री राणी दत्तकपुत्राला घेऊन निवडक स्वारांसह किल्ल्याबाहेर पडल्या आणि भांडेरच्या वाटेने ईशान्येला काळपीकडे निघाल्या. भांडेर झाशीहून सुमारे एकवीस मैल. तेथे पाठलागावरच्या इंग्रज घोडदळाच्या तुकडीने त्यांना गाठले. झटापट झाली, तुकडीचा अधिकारी जखमी होऊन मागे राहिला आणि राणी पुढे निघून गेल्या. झाशी ते काळपी हे सुमारे १०२ मैलांचे, म्हणजे १६४ किलोमीटरांचे अंतर त्यांनी चोवीस तासांच्या आसपास तोडले, असे परंपरागत वर्णन आहे.

त्याच रात्री त्यांचे वडील मोरोपंत तांबेही झाशीतून निसटले. ते मात्र जखमी होते आणि मुख्य मेळ्यापासून वेगळे पडून दतियाला पोहोचले. दतिया झाशीपासून जेमतेम तीस किलोमीटर; काळपीच्या मानाने हाकेच्या अंतरावर. पण दतियाचे संस्थान इंग्रजांच्या बाजूचे होते. तेथे मोरोपंत पकडले गेले, आणि त्यांना झाशीस आणून फाशी देण्यात आले. काळपी दूर खरी, परंतु तेथे रावसाहेब पेशवे होते, तात्या होते, दारूगोळा होता. जवळची वाट आणि खरी वाट या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे या एका रात्रीने जितक्या कठोरपणे सांगितले तितके दुसऱ्या कशाने सांगता येणार नाही. वाट कोठवर जाते एवढेच पाहून भागत नाही. तिच्या टोकाला कोण उभे आहे, हेही पाहावे लागते.

घोड्याचे युग मागे पडले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायकल आली. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ले यांच्या दोन सारख्या चाकांच्या 'रोव्हर' सायकलने आजच्या सायकलीचा घाट ठरवून दिला आणि १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेची धाव आणली. सामान्य माणसाला स्वतःच्या बळावर दिवसात पन्नास-साठ मैल जाणे प्रथमच शक्य झाले, आणि तत्काळ तेच दोन जुने प्रश्न उभे राहिले. इंग्लंडमध्ये १८७८ मध्येच सायकलस्वारांची एक प्रवास-संस्था स्थापन झाली होती; तीच पुढे 'सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब' या नावाने प्रसिद्धीस आली. ह्या क्लबने काय केले? अवघड उतारांच्या माथ्यावर धोक्याच्या पाट्या लावल्या. कोणत्या गावी कोणत्या खानावळीत सायकलस्वाराला जेवण आणि बिछाना नीट मिळतो, हे तपासून तेथे आपले चिन्ह लावले. गावोगावी आपला एकेक प्रतिनिधी नेमला. परका स्वार आला तर पुढच्या रस्त्याची माहिती त्याने द्यावयाची. स्कॉटलंडात हॅरी इंग्लिस यांनी १८९६ मध्ये रस्त्यांचे एक पुस्तक काढले. त्यात प्रत्येक रस्त्याचा चढ-उतार रेषेने काढून दाखविला होता. आज ॲपच्या पडद्यावर तळाशी जी डोंगरासारखी वरखाली जाणारी रेघ दिसते, तिची ही आजी होय.

हिंदुस्थानातही अशा प्रवासाला फार काळ थांबावे लागले नाही. फॅनी बुलक वर्कमन या अमेरिकन बाईंनी पतीसमवेत १८९७ नंतर येथील मैदानी प्रदेशात चौदा हजार मैल सायकल चालविली आणि १९०४ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतील सहा पारशी तरुण पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे ४४,००० मैलांचा प्रवास पुरा करून १९२८ च्या मार्चमध्ये मुंबईला परतले. साडेचार वर्षांच्या त्या वाटेवर वाळवंटे होती, जंगले होती, आणि भाषा न कळणारी शेकडो गावे होती. सहाजण निघाले होते म्हणून तिघे तरी पोहोचले, असे म्हणावेसे वाटते.

आता आजच्या वाटाड्याकडे वळावे. हा वाटाड्या एकटा नाही. त्याच्यामागे कित्येकांचे श्रम उभे आहेत. सर्व्हे ऑफ इंडियाची स्थापना १७६७ मधली. तिच्या मोजणीदारांनी साखळ्या ओढीत आणि टेकड्यांवर दुर्बिणी चढवीत या देशाची मापे घेतली. अमेरिकेच्या जी.पी.एस. उपग्रहांचा संकेत नागरी वापरासाठी मुद्दाम अंधूक ठेवलेला असे. मे २००० मध्ये तो अडसर काढला गेला आणि सामान्य माणसाला आपला ठावठिकाणा काही मीटरांच्या आत कळू लागला. भारताने स्वतःची 'नाविक' ही व्यवस्था उभारली, तिचा सातवा उपग्रह २०१६ मध्ये आकाशात गेला. जमिनीच्या उंचीची मोजणी फेब्रुवारी २००० मध्ये एका अंतराळयानातून रडारने झाली. कित्येक ॲपमधील चढ-उताराची रेघ त्या आकड्यांवरून निघते. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपमध्ये तर जगभरचे हौशी लोक आपापल्या गल्लीबोळांची नोंद स्वतः करतात. आणि या साऱ्या जाळ्यातून सर्वांत कमी खर्चाची वाट निवडण्याची एक मूळ रीत एड्स्गर डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञाने १९५६ मध्ये योजिली आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात 'खर्च' कशाला म्हणावयाचे, हे माणसाने ठरवावयाचे असते. अंतराला खर्च मानले तर यंत्र जवळचा रस्ता देते. चढाला किंवा मोटारींच्या वर्दळीला जादा खर्च लावला तर ते लांबचा, पण निवांत रस्ता काढून देते.

येथेच झाशीच्या त्या रात्रीची आठवण व्हावी. यंत्राला जे सांगितलेले नाही, ते त्याला कळत नाही. बुंदेलखंडातली काळ्या मातीची पायवाट नकाशावर फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये सारखीच दिसते. प्रत्यक्षात पावसाळ्यात ती चाकाला चिकटून सायकल जागची हलू देत नाही. काळपीजवळ यमुनेच्या काठी जमीन फाटून दऱ्या झालेल्या आहेत. कागदावरचे सरळ अंतर तेथे व्यर्थ ठरते. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांवर चढतो. त्या उन्हात दर वीस किलोमीटरला पाणी मिळेल की नाही, हा प्रश्न रस्त्याच्या लांबीपेक्षा मोठा असतो. म्हणून जाणता सायकलस्वार ॲपने दिलेली वाट तशीच उचलीत नाही. तो तिचे टप्पे पाडतो, पाण्याची आणि सावलीची ठिकाणे हेरतो, अंधार पडण्यापूर्वी कोठे पोहोचावयाचे ते ठरवितो, आणि एखादा टप्पा फसला तर वळावयाचे कोठे हेही आधीच योजून ठेवतो. झाशीहून ओरछापर्यंतची सोळा-सतरा किलोमीटरांची सकाळची फेरी नवख्यालाही जमते. काळपीच्या वाटेला मात्र असा विचार केल्यावाचून लागू नये.

उरला सोबतीचा प्रश्न. क्लबाबरोबर जाण्यात केवळ गप्पांची मजा नसते. पुढच्या स्वाराच्या पाठीशी राहिले तर वाऱ्याचा मारा बराच कमी लागतो. म्हणून पुढे राहण्याची पाळी सर्वजण आळीपाळीने घेतात. पुढचा हाताने खड्डा दाखवितो, मागचा ती खूण आणखी मागे पोहोचवितो. एक अनुभवी स्वार मुद्दाम सर्वांच्या शेवटी राहतो. पंक्चर झालेला किंवा दमलेला माणूस त्याच्या पुढेच असला पाहिजे, असा नियम. फ्रान्समध्ये उगम पावलेल्या 'ब्रेव्हे' नावाच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या आता भारतातही होतात. त्यांत २०० किलोमीटर साडेतेरा तासांत आणि ६०० किलोमीटर चाळीस तासांत पुरे करावयाचे असतात. तेथे पहिला-दुसरा नंबर नसतो. ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या वेळेत पोहोचल्याची नोंद झाली की पुरे. मराठी माणसाला सोबतीचे याहून मोठे उदाहरण ठाऊक आहे. डिसेंबर १९८५ मध्ये बाबा आमट्यांनी 'भारत जोडो'ची हाक देऊन शंभराहून अधिक तरुण-तरुणींना कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलवर नेले. पाठीच्या दुखण्यामुळे बाबांना स्वतः बसताही येत नव्हते. ते गाडीत आडवे पडून त्यांच्याबरोबर गेले. सोबत म्हणजे सायकल चालविणेच असे नव्हे, हे त्यांनी दाखवून दिले.

एक सावधगिरी मात्र नव्या काळाने शिकविली आहे. स्ट्राव्हा या ॲपने आपल्या स्वारांच्या वाटांचा जो जागतिक नकाशा प्रसिद्ध केला होता, त्यावरून काही लष्करी तळांच्या आतील हालचाली दिसून येतात, हे जानेवारी २०१८ मध्ये उघडकीस आले. झाशीसारख्या मोठ्या छावणीच्या गावात ही गोष्ट विसरून चालणार नाही. आपली वाट दुसऱ्याला सांगणे हा धर्म खरा. पण ती कोणाला आणि किती सांगावी याचाही विवेक हवा. स्वतःच्या घराच्या दारापासून सुरू होणारी रोजची फेरी साऱ्या जगाला दाखविण्याचे काही कारण नसते.

विष्णुभट झाशीची लूट आणि कत्तल पाहून तेथून निसटले. पुढे काळपीकडे त्यांची राणींशी एका विहिरीपाशी गाठ पडली. वाटेत ते पुनःपुन्हा लुटले गेले. अखेर काशीची गंगा कावडीत भरून ते पायी वरसईला परतले आणि त्या पाण्याने त्यांनी आईबापांना स्नान घातले. दक्षिणेचे बरेचसे द्रव्य वाटेतच गेले होते. पण १८८३ च्या सुमारास त्यांनी आपली हकीकत लिहून काढली आणि १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्यांनी ती प्रसिद्ध केली. कोणत्या गावी आसरा मिळाला, कोठे दगा झाला, कोठून सुटका झाली, हे सारे तीत आहे. त्यामुळेच आज झाशीच्या त्या दिवसांची वाट आपल्याला सापडते. सायंकाळी घरी परतलेला सायकलस्वार आपल्या क्लबाच्या सोबत्यांना, अमुक पूल वाहून गेला आहे, तमुक गावच्या हापशाला पाणी आहे, असे कळवितो, तेव्हा तोही नकळत तेच काम करीत असतो. त्याने एवढे कळविले, तर उद्या त्या वाटेने निघणाऱ्याला वाटाड्याही मिळतो आणि सोबतही.