नानकिंग तहाचे मुद्राचित्र
नानकिंग तहाचे मुद्राचित्र : मुंबईच्या गोदीत बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ ह्या ब्रिटिश राजेशाही नौदलाच्या युद्धनौकेवर २९ ऑगस्ट १८४२ रोजी झालेल्या नानकिंगच्या तहाचे ऐतिहासिक मुद्राचित्र. मूळ चित्र बंगाल व्हॉलंटिअर्स ह्या पलटणीतील कॅप्टन जॉन प्लॅट ह्याने काढले. त्यावरून जॉन बर्नेट ह्या कोरक्याने धातुपट तयार केला आणि १८४६ मध्ये लंडन येथे त्याचे ठसे प्रसिद्ध झाले. त्याची एक प्रत अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या संग्रहात आहे.

नौकेच्या मुख्य दालनात मेजाभोवती दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी बसले असून सभोवती ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांची दाटी आहे, असा ह्या चित्राचा विषय आहे. ब्रिटनच्या वतीने सर हेन्री पॉटिंजर ह्याने, तर चिनी सम्राटाच्या वतीने छीयिंग, यिलिबू व न्यू जिएन ह्यांनी वाटाघाटी केल्या. पॉटिंजर हा महाराष्ट्राला अपरिचित नव्हता. पेशवाईच्या अखेरीस तो पुण्यास एल्फिन्स्टनचा साहाय्यक होता व तिसऱ्या इंग्रज-मराठे युद्धानंतर अहमदनगरचा कलेक्टर झाला. पुढे कच्छ व सिंध येथील राजकारणात त्याने दीर्घकाळ काम केले.

चौऱ्याहत्तर तोफांची ही नौका जमशेटजी बमनजी वाडिया ह्यांनी सागवानी लाकडात बांधली. ती १८१३ मध्ये पाण्यात उतरली. वाडिया घराण्याचे मूळपुरुष लवजी नसरवानजी हे १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आले होते. सागवान खाऱ्या पाण्यात दीर्घकाळ टिकते. त्यातच ओकच्या लाकडाची टंचाई भासू लागल्याने ब्रिटिश नौदलाने मुंबईत मोठ्या युद्धनौका बांधून घेतल्या. चीनवरील मोहिमेच्या प्रारंभी ध्वजनौका असलेली ‘वेलस्ली’ हीदेखील मुंबईच्याच गोदीत १८१५ मध्ये बांधलेली होती.

तहामागील कलहाशीही मुंबईचा निकटचा संबंध होता. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई आणि त्या व्यापारावर शहरातील अनेक पेढ्या संपन्न झाल्या. १८३९ मध्ये चिनी आयुक्त लिन झशू ह्याने कँटन येथे अफूच्या २०,००० हून अधिक पेट्या हस्तगत करून नष्ट केल्या व त्यातून युद्ध उद्‌भवले. जुलै १८४२ मध्ये चेनजिआंग पडले, ब्रिटिश आरमार यांगत्से नदीतून नानकिंगपुढे येऊन ठाकले आणि ॲडमिरल सर विल्यम पार्करच्या ह्या ध्वजनौकेच्या छायेत वाटाघाटी पार पडल्या. तहान्वये चीनला हाँगकाँग सोडून द्यावे लागले, कँटन, अमॉय, फूजो, निंगपो व शांघाय ही बंदरे व्यापारास खुली करावी लागली आणि २ कोटी १० लाख डॉलर भरावे लागले. त्यांपैकी ६० लाख डॉलर जप्त झालेल्या अफूची किंमत म्हणून होते. अफूच्या पुढील व्यापाराविषयी मात्र तहात अवाक्षर नव्हते.

ह्यामुळे साधन म्हणून ह्या चित्राची मर्यादा लक्षात घ्यावी लागते. विजेत्यांच्या बाजारपेठेसाठी ते छापले गेले. त्यात व्यक्ती व गणवेश काळजीपूर्वक दाखविले असले, तरी तहाला भाग पाडणाऱ्या तोफा व त्यामागील अफू दालनाबाहेरच राहतात. दोन समान सत्तांचा शिष्टसंमत समारंभ असा भास त्यातून निर्माण होतो. जिच्या फळ्यांच्या आत हा समारंभ घडला, ती नौका घडविणाऱ्या मुंबईच्या सुतार-कारागिरांचाही मागमूस त्यात नाही.

‘कॉर्नवॉलिस’वर १८५५ मध्ये वाफेचे यंत्र बसविण्यात आले व त्याच वर्षी ती बाल्टिक समुद्रातील मोहिमेत सहभागी झाली. १८६५ पासून इंग्लंडमधील शीअरनेस येथे तिचा उपयोग धक्का म्हणून होऊ लागला. १९१६ मध्ये तिचे नाव ‘वाइल्डफायर’ असे बदलले आणि १९५७ मध्ये ती मोडण्यात आली. मुंबईत घडलेले तिचे सागवानी अंग अशा रीतीने सु. १४४ वर्षे टिकले. चीन ज्यांना ‘विषम तह’ म्हणतो, त्या मालिकेतील पहिल्या तहाचे दृश्यस्मारक म्हणून हे मुद्राचित्र आजही महत्त्वाचे मानले जाते.