अन्नसुरक्षेसाठी लोकशिक्षण : कायद्याला जागरूकतेची जोड

दूषित अथवा भेसळयुक्त अन्नामुळे होणारे आजार बहुतांशी टाळता येण्याजोगे असतात. मात्र त्यासाठी कायद्याबरोबरच स्वयंपाकघरापर्यंत पोहोचणारे लोकशिक्षण आवश्यक ठरते. देशातील दोन दुर्घटनांनी ही बाब अधोरेखित केली.

दिल्लीत १९९८ मध्ये मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाल्याने जलशोफाची साथ पसरली आणि ६० हून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले. बिहारच्या सारण जिल्ह्यात १६ जुलै २०१३ रोजी शाळेतील माध्यान्ह भोजनानंतर २३ बालकांचा मृत्यू झाला. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. दोन्ही वेळी कायदा अस्तित्वात होता. तेलातील विष मात्र जीवितहानीनंतरच उघड झाले.

कायदेशीर तरतुदी

अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ मध्ये संमत झाला. त्याची जागा घेणारा अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ मध्ये संमत होऊन ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरण त्याची अंमलबजावणी पाहते. शालेय भोजन मुलांना वाढण्यापूर्वी किमान एका शिक्षकासह दोन-तीन प्रौढांनी ते चाखून पाहावे, असे २०१५ च्या नियमांत नमूद आहे.

पाच सूत्रे

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये सुरक्षित अन्नाची पाच सूत्रे प्रसृत केली : स्वच्छता राखणे, कच्चे व शिजवलेले अन्न वेगळे ठेवणे, अन्न पूर्ण शिजवणे, ते योग्य तापमानात ठेवणे आणि सुरक्षित पाणी व जिन्नस वापरणे. अन्न शिजताना आतील भागाचे तापमान ७० अंश सेल्सिअसपर्यंत जावे आणि शिजवलेले अन्न सामान्य तापमानात दोन तासांपेक्षा अधिक काळ ठेवू नये, असे त्यात सुचविले आहे.

गावपातळीवरील शिक्षण

महाराष्ट्रातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. अल्पशिक्षित व निरक्षर महिलाही प्रशिक्षणानंतर गावाला स्वच्छता, पोषण आणि रोगप्रतिबंधाचे धडे देऊ शकतात, हे तेथे सिद्ध झाले. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने २००५ पासून ‘आशा’ कार्यकर्त्यांच्या रूपाने गावातीलच महिलेवर असे काम सोपविले. अंगणवाडीत दरमहा होणाऱ्या ग्राम आरोग्य व पोषण दिनी लसीकरणासोबत आहार व स्वच्छतेविषयी मार्गदर्शन केले जाते. अतिसारात जलसंजीवनी कशी द्यावी, हेही शिकविले जाते. पाकीट उपलब्ध नसल्यास एक लिटर सुरक्षित पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून तात्पुरते द्रावण तयार करता येते.

भेसळ ओळखण्याच्या घरगुती चाचण्याही प्राधिकरणाने पुस्तिकेद्वारे उपलब्ध केल्या आहेत. गुळगुळीत, उतरत्या पृष्ठभागावर शुद्ध दुधाचा थेंब पांढरा माग सोडत सावकाश ओघळतो; पाणी मिसळलेले दूध माग न ठेवता झरकन वाहते. दुधात पिष्ट मिसळले असल्यास आयोडिनच्या थेंबाने ते निळे होते.

अशा चाचण्या प्रयोगशाळेची जागा घेऊ शकत नाहीत. परंतु संशय आल्यास अन्न न वापरता त्याचा नमुना राखून ठेवणे आणि अन्नसुरक्षा अधिकाऱ्यास तातडीने कळविणे प्रत्येक कुटुंबाला शक्य आहे. लोकशिक्षणाचा खरा उपयोग येथेच आहे.