जवळीक आणि अंतर: ‘चारुलता’तील कॅमेऱ्याची दृष्टी

कॅमेरा पात्राच्या जितका जवळ, तितकी पात्रांमधील जवळीक अधिक, हे समीकरण चित्रपटविचारात फार लवकर रूढ झाले. १८९६ साली एडिसनच्या कंपनीने मे अर्विन आणि जॉन राइस यांचे रंगभूमीवरील चुंबन चित्रित केले, तेव्हा प्रेक्षकाला एरवी दुरून दिसणारी कृती एकाएकी निकट आली. १९२४ मध्ये बेला बलाझ यांनी क्लोज-अपमधील चेहऱ्याला अंतरंगाच्या आविष्काराचे स्थान दिले. परंतु अंतरंग उघड होणे आणि दोन व्यक्तींत नाते प्रस्थापित होणे या भिन्न गोष्टी आहेत. ड्रायर यांच्या १९२८च्या मूकपटात जोनचा चेहरा पडदा व्यापून टाकतो. न्यायाधीशांचे चेहरे मात्र बहुधा वेगळ्या चौकटींत येतात. तेथील क्लोज-अप एकाकीपणाचा आहे.

हा भेद सत्यजित राय यांच्या ‘चारुलता’त (१९६४) कथनाचे तत्त्वच बनतो. रवींद्रनाथांच्या ‘नष्टनीड’ (१९०१) या कथेवर आधारलेला हा चित्रपट १८७९च्या सुमारास कोलकात्यातील एका सधन घरात घडतो. आरंभी चारू खिडक्यांच्या झडपांतून, हातातल्या छोट्या दुर्बिणीने रस्ता न्याहाळते. पुस्तकात गढलेला भूपती तिच्या अगदी जवळून जातो. तिच्याकडे त्याचे लक्ष नसते. त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे ती तीच दुर्बीण रोखते. भिंगामुळे पती जवळ दिसतो. पण जवळ आणण्यासाठी भिंग लागावे, यातच दांपत्यातील अंतर व्यक्त होते. दुर्बीण खाली येताच कॅमेराही झपकन मागे सरतो.

बागेतील दृश्यात सुब्रत मित्र यांचा कॅमेरा झोक्याबरोबर हलतो. चारूचा चेहरा चौकटीत स्थिर राहतो आणि परिसर डोलतो. अमल खाली गवतावर लेखनात मग्न आहे. दोघांत स्पर्श नाही. शेजारच्या घरातील स्त्री आणि तिचे मूल दुर्बिणीतून पाहून झाल्यावर चारू तीच दुर्बीण अमलकडे वळवते. तिला होणारी जाणीव प्रेक्षकापर्यंत पोहोचते ती या दृष्टीच्या वळणातून. अमलला तिचा पत्ता नसतो.

मूळ कथेत अखेरचा शब्द चारूच्या नकाराचा आहे. राय यांनी तेथे पुढे केलेले दोन हात ठेवले आणि ते एकमेकांना भिडण्यापूर्वीच चित्र गोठवले. पती-पत्नी एका चौकटीत आहेत, चारूची दृष्टी दुर्बिणीविना भूपतीकडे वळलेली आहे, तरीही हातांमधले अंतर उरते. कथेतील नकाराची जागा अनिश्चिततेने घेतली आहे. पण समेटाचे सुलभ आश्वासनही दिलेले नाही.

म्हणून जवळिकीचे मोजमाप कॅमेरा आणि चेहरा यांमधील अंतराने करणे अपुरे ठरते. कोण पाहते, कोणाकडे पाहते आणि त्या पाहण्याला प्रतिसाद मिळतो की नाही, हे प्रश्न शॉटच्या वर्गीकरणाआधी विचारावे लागतात. ‘चारुलता’त भिंगाने जे जवळ आणले, ते आपले झाले नाही.