काळ्या गाडीवरचा धुरकटपणा : कारणे आणि उपाय

काळ्या गाडीवर ओरखडे लवकर उठतात, हा समज पक्का रुजलेला आहे. पण तो खरा नाही. आजच्या बहुतेक गाड्यांत रंगावर पारदर्शक क्लिअर कोट असतो. गाडी कोणत्याही रंगाची असो, फडके घासते ते या थरावर. फरक पडतो तो प्रकाशामुळे. क्लिअर कोटचा अपवर्तनांक सुमारे १.५ असल्याने समोरून पडलेल्या प्रकाशातला जेमतेम ४ टक्के पृष्ठभागावरून परततो. पांढऱ्या गाडीत उरलेल्यातला बराचसा प्रकाश खालचा रंग चहूकडे विखरून परत धाडतो आणि त्या उजेडात वरचे दोष बुडून जातात. काळ्या रंगातली काजळी मात्र जवळपास सगळा प्रकाश गिळते. उरते ती त्या ४ टक्क्यांची चमक. त्यातला अर्धा टक्का जरी सूक्ष्म ओरखड्यांनी उधळला, तरी काळ्यावर राखाडी झाक चढते.

ही झाक दिसली की लोक वॅक्सचा आणखी एक हात मारतात. सगळा घोळ इथेच होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण धुरकटपणा तीन जातींचा असतो: ओरखड्यांचा, पॉलिश-वॅक्सच्या न निघालेल्या थराचा आणि पाण्यातल्या क्षारांचा. तिन्ही लांबून सारखेच दिसतात. उपाय मात्र एकाचा दुसऱ्याला चालत नाही.

म्हणून आधी निदान. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शुद्ध पाणी समप्रमाणात मिसळून स्वच्छ मायक्रोफायबरवर घ्यावे आणि बॉनेटचा तळहाताएवढा भाग हलक्या हाताने पुसावा. तेवढाच भाग गडद झाला, तर दोष वर राहिलेल्या तेलाचा किंवा वॅक्सचा. पुसल्यावर तो भाग उलट जास्त धुरकट झाला, तर खाली ओरखडे आहेत आणि पॉलिशमधल्या तेलांनी ते बुजवून ठेवले होते. कार्नौबा वॅक्सचा अपवर्तनांक १.४५ च्या आसपास, म्हणजे क्लिअर कोटच्या जवळचा. त्यामुळे खाच भरली की प्रकाश तिथे फारसा विखरत नाही. गॅरेजमधून लखलखत आलेली गाडी चार-दोन धुण्यांत पुन्हा करडी पडते, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते. काहीच फरक पडला नाही आणि डागांना गोल कडा असल्या, तर क्षार समजावेत.

ओरखड्यांची जात ओळखण्याची आणखी एक खूण आहे. उन्हात बॉनेटवर सूर्याचे प्रतिबिंब पाहिले तर त्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात. ओरखडे गोल नसतात, ते सगळ्या दिशांना असतात; त्यांपैकी प्रकाशाच्या दिशेला आडवे असलेले तेवढे चमकतात, म्हणून डोळ्याला वर्तुळ दिसते. रोटरी मशीनला लोकरीचे पॅड लावून केलेल्या ‘रबिंग’चे पट्टे मात्र वेगळे. ते मशीनच्या वाटेने वळत जातात आणि आपण चालू लागलो की सरकतात.

हैदराबादच्या काचीगुडा भागात ओरखड्यांना दोन गोष्टी हातभार लावतात. पहिली धूळ. हैदराबाद ग्रॅनाइटवर वसलेले शहर आहे. ग्रॅनाइटमधल्या क्वार्ट्झची कठीणता मोह्सच्या मापाने ७, आणि क्लिअर कोट त्यापुढे फारच मऊ. कोरड्या फडक्याने धूळ झटकणे म्हणजे पॉलिश पेपर फिरवणेच. दुसरी गोष्ट रेल्वे. १९१६ साली बांधलेले काचीगुडा स्टेशन निजामाच्या रेल्वेचे मुख्यालय होते आणि नांदेड-परभणीकडच्या गाड्यांमुळे मराठवाड्याला आजही जवळचे आहे. चाके, रूळ आणि ब्रेक यांच्या घर्षणातून उडालेले लोखंडाचे बारीक कण रुळांजवळ उभ्या गाड्यांवर रुततात. काळ्या रंगावर ते दिसत नाहीत. धुतलेल्या पत्र्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून बोटे फिरवली, तर खरखर लागते. हे कण न काढता पॉलिश केले, तर सुटलेला कण पॅडखाली अडकून नवे ओरखडे काढत जातो. लोखंड विरघळवणारे द्रावण मारावे; ते कणांपाशी जांभळे होते. मग भरपूर पाण्याने धुवावे.

त्यानंतर ड्युअल अ‍ॅक्शन मशीन, मऊ फोमचे पॅड आणि सर्वांत बारीक पॉलिश एवढ्यापासून सुरुवात करावी. दोष निघाला नाही तरच एक पायरी जाड पॉलिश घ्यावे, आणि शेवटचा हात पुन्हा बारीक पॉलिशचाच द्यावा. क्लिअर कोट बहुधा ४० ते ५० मायक्रॉनच असतो, केसापेक्षाही पातळ. त्याचे उन्हापासून रक्षण करणारे घटक वरच्या भागात अधिक असतात, आणि दरवर्षी कंपाउंड, म्हणजे जाड पॉलिश, मारणारा माणूस तेच खरवडून टाकतो.

इथल्या मराठी घरांत खंडेनवमीला किंवा दसऱ्याला गाडीची पूजा होते, ती व्हावीच. फक्त कुंकू आणि अक्षता कोरड्या दस्तीने पुसू नयेत. पाण्याची धार सोडून वाहू द्याव्यात. हळदीचा डाग राहिला तर घासू नये, उन्हाने तो फिका पडतो.

क्षारांचे थोडक्यात सांगता येईल. बोअरचे पाणी जड असते. तापलेल्या काळ्या पत्र्यावर थेंब क्षणात सुकतो आणि क्षार मागे ठेवतो. ताज्या डागांवर पाणी मिसळलेला व्हिनेगर चालतो, पण तो लगेच धुवावा. सिलिकाचा डाग त्याला दाद देत नाही, तिथे बारीक पॉलिशच हवे. धुतल्यावर गाडी सावलीत लगेच टिपून घेतली तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

राहिले वॅक्स. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी काळे बॉनेट हात ठेववत नाही इतके तापते. त्यावर वॅक्समधला द्रावक झटकन उडतो आणि थर चिकटून बसतो. पुसताना जोर लावावा लागतो, त्यातून पुन्हा ओरखडे. पावसाळ्यात उलट होते. दमट हवेत थर सुकतच नाही, आणि फडके तो नुसता पसरवते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली सकाळ, सावली आणि हाताला गार लागणारा पत्रा ही वेळ उत्तम. एका वेळी एकच भाग घ्यावा आणि वॅक्स इतके पातळ लावावे की जेमतेम दिसेल. जाड थराने संरक्षण वाढत नाही, फक्त पुसायला जास्त उरते. थोड्या वेळाने त्यावरून बोट ओढावे. रेघ स्वच्छ उठली तर पुसायला घ्यावे. फराटा उठला तर थांबावे. पुसताना फडक्याची घडी वारंवार बदलावी आणि शेवटी दुसऱ्या कोरड्या फडक्याचा हलका हात फिरवावा. तासाभराने तिरप्या उजेडात पाहिले की राहिलेले पट्टे दिसतात, तेवढेच पुन्हा पुसावेत.